झाकणातली चेटकीण

"आली जी, आली! धुरळा उठून राह्यला!"

सागाच्या झाडावर चढलेल्या कोणीतरी आरोळी ठोकली आणि वाघोबाच्या चढावर एकच गिल्ला झाला. बैलबंड्यांच्या सावलीत पेंगणारी माणसं धडपडत उठली. बायांनी आरतीची ताटं सावरली. नारळवाल्यानं आवाज चढवला. दसऱ्याआधी या जागी शेंदूर फासलेला एक दगड आणि लाकडी वाघ याखेरीज काही नव्हतं. आता तिथे फुटाण्यांचं पाल होतं, चहाची चूल होती, आणि चार-चार कोसांवरून चालत आलेली पाचशे माणसं होती. कशाला आली होती? मोटार बंद पडलेली बघायला! चालणारी मोटार बघायला कोणी उन्हात उभं राहत नाही. बंद पडणारी असली की मात्र देव दिसतो.

मोटार चिचझोऱ्याच्या गुणवंतरावांची. १९५४ साल होतं. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, जाऊन तीन वर्षं झाली होती, पण वीस वर्षांची ती जुनी मोटार गुणवंतरावांनी सोडली नव्हती. बाजाराच्या दिवशी ती बारा मैलांवरच्या चामोर्शीला माणसं नेई. आत आठ, पायरीवर चार, आणि मागे टोपल्या. चालवायला सोमाजी. लढाईच्या काळात त्यानं फौजेचा ट्रक हाकला होता, त्यामुळे गावात त्याच्या शब्दाला वजन होतं. निदान मोटारीच्या बाबतीत तरी.

मोटार निम्मा चढ चढली, दोन-तीनदा ठसकली आणि बंद पडली. सातव्या मैलाच्या दगडापासून हातभर अंतरावर. दसऱ्यानंतरचा हा तिसरा बाजार, आणि तिन्ही वेळा तीच जागा!

"जय हो! थांबली जी, थांबली!"

गर्दी दुभंगली आणि महाराज आले. भगवी कफनी, कपाळभर भस्म, गळ्यात वाघनखं. त्यांचं नाव श्वासानंद. बारा वर्षं गुहेत बसून वारा खाल्ला, म्हणून हे नाव. यंत्राला कधी शिवले नाहीत, पैशाला हात लावत नाहीत. नारळ, कोंबडी, तूप आणि धोतरजोडी यांना मात्र लावतात.

"ॐ ह्रीं फट्!" महाराजांनी मोटारीभोवती राखेची धार धरली. "तेलबंधिनी, टाकीवासिनी, छोड! बारा कोस का बंधन छोड! इंजन की नाडी छोड!"

इंजिनाला नाडी असते, हे त्या मुलखाला तेव्हाच कळलं.

मग महाराज मागच्या बाजूला गेले. तिथे पेट्रोलच्या टाकीचं शेंदरानं लाल झालेलं झाकण होतं. त्यांनी त्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले, झाकण दाबून पाव फेरा फिरवलं आणि उचललं.

फुस्स्स्!

बाया किंचाळल्या. एक म्हातारा सडकेवर लोटांगण घालू लागला. "ऐकलं?" महाराज गरजले. "चेटकिणीचा श्वास हाय हा! टाकीत बसून तेल आवरून धरते. आता गेली!" त्यांनी मातीच्या लोटक्यातला शेंदराचा घट्ट लेप झाकणावर ताजा थापला आणि झाकण परत बसवलं. "हाक रे मोटार!"

सोमाजीनं हँडल मारलं. जरा वेळ खोकून मोटार सुरू झाली. पाचशे गळ्यांतून जयजयकार उठला. सोमाजीनंही हात जोडले. त्यानं पाइप फुंकून पाहिले होते, प्लग घासले होते, सगळं उघडून पुन्हा बसवलं होतं. टाकी भरलेली असायची आणि इंजिनाला थेंब पोचत नसायचा. माणसाची अक्कल संपली की हात आपोआप जोडले जातात.

तेवढ्यात मागच्या सीटवरून बाईचा आवाज आला.

"महाराज, हे झाकन खोलाले कुठी शिकले जी?"

वच्छला होती ती. चिचझोऱ्याची ढिवराची विधवा सून. सासू चंदाबाईला घेऊन तलावाच्या पाळीवर राहायची, आणि दर बाजाराला मासोळ्यांची टोपली घेऊन चामोर्शीला जायची. मासे विकणाऱ्या बाईची जीभ धारदार असतेच. तिनं मात्र हे खोडी म्हणून विचारलं नव्हतं, तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

"आमच्या मालकाईले बी खोलता येत नाई ते," ती हसत म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यात झटून झटून नख मोडलं त्याईचं. दाबून फिरवा लागते, हे तुमाले बरं ठाऊक! गुहेत होती काय मोटार?"

दोन-चार जण फिसकन हसले. महाराजांचा चेहरा क्षणभर साधा झाला. बाजारात ओळखीचा माणूस अचानक समोर आल्यावर एखाद्या चोराचा होतो, तसा. सोमाजीनं तो पाहिला. वच्छला म्हणते ते खरं आहे, हेही त्याला त्याच क्षणी कळलं. झाकण कसं उघडतं हे साऱ्या गावात त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

आणि सोमाजी गप्प बसला! समोर पाचशे माणसं, शेजारी मालक. हा कशाला तोंड उघडतो? स्टिअरिंग धरून समोर बघत बसला.

महाराजांचं बोट हळूहळू वर आलं आणि वच्छलेवर थांबलं.

"पहिल्या दिवशी मोटार थांबली, तवा कोण होतं आत?"

"हे होती!" कोणीतरी म्हणालं.

"दुसऱ्या दिवशी?"

"हेच होती!"

अरे, दर बाजाराला मोटारीत बसणारे आणखी सातजण होते! स्वतः गुणवंतराव होते, सोमाजी होता. पण बोट मालगुजाराकडे वळत नसतं. ते विधवेकडेच वळतं.

"उतरवा तिले," महाराज म्हणाले. "तेल तिनंच बांधलं."

वच्छलेला हाताला धरून खाली ओढलं. टोपली सडकेवर उपडी झाली आणि मासोळ्या धुळीत पडल्या. ती त्या वेचत असताना मोटार पुढे निघून गेली. ती मोटार सोमाजीच हाकत होता.

*

त्यानंतर गावानं तिला कसं वागवलं ते काय सांगावं! तिच्या मासोळ्या कोणी घेईना. विहिरीवर ती गेली की बाया दोर आवरून निघून जात. एकीचं वासरू मेलं, ते वच्छलेनं मारलं. एकाला हिवताप आला, तोही वच्छलेनं आणला. चंदाबाईच्या झोपडीवर दगड आले. आणि दगड मारणारे हात कोणाचे? आदल्या महिन्यात तिच्याकडून मासोळ्या नेऊन 'उद्या देतो' म्हणणारे!

सोमाजीला जेवण गोड लागेना. या सगळ्याची सुरुवात त्यानंच केली होती, फक्त ते त्याला अजून कळलेलं नव्हतं.

दसऱ्याला मोटारीची पूजा दरवर्षी होई. बोनटला शेंदूर, चाकांना हळद. यंदा मालकीणबाई म्हणाल्या, "सोमाजी, मोटार जिथून तेल पेते ते तिचं तोंड. देवाच्या तोंडाले शेंदूर नाई लावला तर पूजा कशी पावन?" सोमाजीनं तुपात कालवलेला शेंदूर टाकीच्या झाकणावर बोटभर जाड थापला. पुढच्याच बाजाराला मोटार वाघोबाच्या चढावर बंद पडली. दगडापाशी एक भटका बैरागी बसला होता. तो उठून मोटारीच्या मागे गेला, लाल झाकण बघून हसला, काहीबाही पुटपुटत ते उघडून परत बसवलं, मोटार सुरू झाली, आणि दुसऱ्या बाजारापर्यंत त्याचे श्वासानंद महाराज झाले.

मोटारीला आणखी एक खोड लागली होती. वाड्यासमोर उन्हात उभी असली की टाकीच्या खालच्या सांध्यातून पेट्रोल ठिबके. दसऱ्याआधी असं कधी झालं नव्हतं. महाराजांनी निरोप धाडला, मोटार रडून राह्यली, चेटकिणीचा छळ सहन होईना तिला. सोमाजीला रडणं वगैरे कळत नव्हतं, गळती कळत होती. फौजेतल्या रिवाजाप्रमाणे त्यानं धुण्याचा साबण ओला करून चिरेत घट्ट दाबला. गळती थांबली. फार बरं वाटलं त्याला.

चौथ्या बाजाराला मोटार चढापर्यंत पोचलीच नाही. मैलभर अलीकडे, नाल्यापाशीच मेली, आणि महाराज चालत येऊन झाकण उघडेपर्यंत जागची हलली नाही. वच्छला तर त्या दिवशी मोटारीत नव्हतीही! पण भोंदूला काय, जीभ कुठेही वळते. "पाहा," महाराज म्हणाले, "आता दुरून बांधून राह्यली. जोर वाढला तिचा."

त्या संध्याकाळी पंच गुणवंतरावांच्या ओसरीवर बसले. ठरलं ते असं. पुढच्या बाजाराला वच्छलेला मोटारीत बसवायचं. मोटार न थांबता चढ चढली, तर ती निर्दोष. थांबली, तर वाघोबासमोर तिचं डोस्कं भादरायचं, तोंडाला चुना फासायचा आणि सासूसकट वैनगंगेपार हाकलायचं. मालगुजारी गेली, कायदा आला, शाळा आली, तरी ही पंचायत काही गेली नाही! ओसरीच्या खांबाशी उभा राहून सोमाजीनं हे सारं ऐकलं, आणि पुन्हा गप्प बसला.

*

बाजाराच्या दोन दिवस आधी तो मनसारामच्या दुकानात विडीचा कट्टा घ्यायला गेला. मनसाराम मीठ-मिरची आणि मातीचं तेल, म्हणजे रॉकेल, विकायचा. त्या दिवशी तेलाचा बंद डबा नवाच फोडला होता. खिळा ठोकून एक भोक पाडलं, डबा आडवा केला आणि एका बाईची बाटली खाली धरली. तेलाची धार पडली, बारीक झाली, थांबली. मग एक थेंब. मग काहीच नाही.

"काहो मनसारामभाऊ, डब्बा तं भरेल हाय," बाई कुरकुरली. "तेल काऊन नाई येऊन राह्यलं?"

"थांब वं. वाऱ्याचं भोक पाडाचं राह्यलं." मनसारामनं वरच्या कोपऱ्यात दुसरा खिळा ठोकला. सूं करून डब्यानं वारा ओढला आणि तेल भळाभळा वाहू लागलं. "वारा आत नाई गेला तर तेल बाहेर कसं येईन? लहान पोट्ट्याले बी समजते हे."

सोमाजीच्या हातातली विडी खाली पडली.

"मनसारामभाऊ, दुसरं भोक बोटानं बुजव."

"कायले?"

"बुजव म्हणतो ना!"

मनसारामनं बोट ठेवलं. धार आटली. बोट काढलं. सूं! धार सुरू. सोमाजीनं तीन वेळा करायला लावलं. बाई बाटली घेऊन दोन पावलं मागे सरली, तिला वाटलं यालाही झपाटलं.

तो तसाच वाड्यावर पळत गेला. टाकीचं झाकण उघडलं, पदराआड लपवावं तसं अंगरख्यात घेतलं आणि गोठ्यात नेलं. शेंदराची पापडी नखानं उचकटली. तळचा थर त्याचाच, दसऱ्याचा, तुपाचा. त्यावरचा थर मात्र तुपाचा नव्हता. तो मधमाशीच्या मेणाचा होता. घट्ट, जाणूनबुजून दाबलेला. आणि त्याखाली, झाकणाच्या मधोमध, ज्वारीच्या दाण्याएवढं एक भोक होतं. झाकण घडवणाऱ्यानं ते वाऱ्यासाठीच ठेवलं होतं.

आता सोमाजीला सगळंच कळू लागलं. इंजिन पेट्रोल ओढतं, टाकीत वारा जात नाही, मग टाकीच पेट्रोल धरून ठेवते. दर बाजाराला तेवढंच अंतर आणि तोच चढ, म्हणून तीच जागा. साबणानं चीर बुजवली तेव्हा तिथून झिरपणारा थोडा वाराही बंद झाला, म्हणून मोटार मैलभर आधी मेली. उन्हात पेट्रोलची वाफ होते, तिला वर वाट नाही, म्हणून ती खालचा सांधा फोडून पेट्रोल ठिबकवते. परत येताना मोटार का थांबत नव्हती? दिवसभर बाजारात तापून टाकीत वाफेचा जोर असे, आणि वाटही उताराची. आणि ते फुस्स? चेटकीण बाहेर पडत नव्हती, वारा आत जात होता!

आधी त्याला हसू आलं. मग मेणाच्या थरावर त्याचं बोट पडलं आणि त्याचं डोकं फिरलं. चूक त्याची होती, पण हे मेण चूक नव्हतं. कोणीतरी सारं समजून, एका बाईचं आयुष्य पणाला लावून, दर आठवड्याला हे भोक बुजवत होतं.

*

वच्छला तलावाच्या पाळीवर गळाला आमिष लावत बसली होती. सोमाजीला पाहून तिनं मान वर केली नाही.

त्यानं सगळं सांगितलं. मग म्हणाला, "भिऊ नको, बाई. बाजाराच्या दिवशी मी गुपचूप भोक मोकळं करतो. मोटार सुसाट चढन. तू सुटशीन."

"अन् मंग?"

"मंग काय?"

"महाराज म्हणन, माह्या किरपेनं चढली. उद्या मोटारीचा टायर फुटन, तवा दुसऱ्या बाईचं नाव घेईन." तिनं गळ पाण्यात टाकला. "भाऊ, त्या दिवशी मी झाकनाचं इचारलं, तवा तुमी तिथीच होते. तुमाले समजलं होतं का नाई?"

सोमाजीची मान खाली गेली. "समजलं होतं."

"मंग काऊन नाई बोलले?"

भीती वाटली म्हणावं, तर भीती तिला वाटायला हवी होती.

"आता बोलीन," तो म्हणाला.

"गुपचूप नाई. सगळ्याईच्या मोरं."

*

सोमाजी गुणवंतरावांकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, "मालक, परीक्षा तं झालीच पायजे. पन त्या बाईले मोटारीत बसवलं अन् महाराजाईच्या कफनीले शिवली, तर? तिले बंडीनं मोरं धाडा, वाघोबापाशी उपाशी बसवा. मोटारीत पयले महाराज बसतीन. मोटार चढली, तर मंग तिले बसवून पाहू."

"वा सोमाजी!" गुणवंतराव खूश झाले. विटाळाची गोष्ट त्यांना चटकन पटे. "महाराज आत असले तर चेटकिनीची काय हिंमत!"

महाराजांनी मोटारीत बसायला बरेच आढेवेढे घेतले. "मी पायी चालणारा साधू." पण गुणवंतरावांनी गादी घातली, पंचांनी पाय धरले. शेवटी त्यांना मधोमध बसवलं, एका अंगाला गुणवंतराव, दुसऱ्या अंगाला मनसाराम. मनसारामच्या मांडीवर मातीच्या तेलाचा डबा होता. वाघोबाच्या दिव्याला, असं त्यानं सांगितलं.

निघण्यापूर्वी सोमाजीनं झाकणाचं मेण होतं तसं दाबून बसवलं. चिरेतला साबण मात्र खरवडून काढला. मोटार नाल्यापाशी नव्हे, लोकांसमोर थांबायला हवी होती.

चढावर त्या दिवशी हजार माणूस होतं. दगडापाशी वच्छला बसली होती, शेजारी चंदाबाई, आणि चार हातांवर वस्तरा घेऊन न्हावी.

मोटार चढाला लागली. ठसकली. पुन्हा ठसकली. सातव्या मैलाच्या दगडापाशी बंद पडली.

"पाहा!" महाराज आतूनच ओरडले. "मी असून बी! केवढी जबर चेटकीण..."

सोमाजीनं ब्रेकवरचा पाय हळूच काढला.

मोटार मागे सरकली. आत एकच आरडाओरडा झाला. आणि त्या गडबडीत, गुहेत बारा वर्षं वारा खाणारे, यंत्राला कधी न शिवलेले श्वासानंद महाराज मनसारामच्या मांडीवरून टांग टाकून धाडकन खाली उडी मारते झाले, कफनी कमरेला खोचली, सडकेकाठचा धोंडा उचलून मागच्या चाकाखाली सारला, आणि मोटारीच्या पत्र्यावर तळव्यानं दोनदा थाप मारली.

"बस! बस! उस्ताद, बस!"

धोंडा अगदी नेमका लागला होता. मोटार तसूभरही हलत नव्हती.

सोमाजी खाली उतरला. "कोणाच्या ट्रकवर क्लीनर होता बे?"

महाराज खोचलेली कफनी घाईघाईनं सोडू लागले.

"नाव काय तुहं? श्वासानंद राहू दे. मायबापानं ठेवेल सांग."

"बि... बिरजू." सवयीनंच निघालं ते. उस्तादानं विचारलं की क्लीनर उत्तर देतोच. मग त्याचं त्यालाच कळलं आणि तो ओरडला, "अरे, हा बी चेटकिनीले सामील हाय! बांधा याले!"

"बांधजा. पयले पाहा." सोमाजीनं मनसारामला डबा आणायला सांगितला. "तेल कोण कोण घेते मनसारामभाऊकडून? सारेच ना? मनसारामभाऊ, एकच भोक पाड."

मनसारामनं खिळा ठोकला. धार पडली, बारीक झाली, थांबली.

"काय झालं? तेल कोनं बांधलं? डब्ब्यात चेटकीन बसली काय?"

"वाऱ्याचं भोक नाई पाडलं, म्हनून!" एक म्हातारी फणकारली. "लेकाचे, एवढं बी समजत नाई?"

"समजते ना, माय! मले समजते, तुले समजते. मंग मोटारीच्या टाकीची गोष्ट आली तं आपली अक्कल कुठी गेली?" सोमाजीचा आवाज फाटला. "मोटारीच्या झाकनाले बी वाऱ्याचं भोक राह्यते. ते मी बुजवलं! दसऱ्याले, या हातानं, शेंदरानं! माही गलती होती. पन या लबाडानं ते पाहलं, अन् दर बाजाराले वरून मेन लावलं. चेटकीन नाई, करनी नाई. भोक बुजलं, बस!"

"खोटं!" बिरजू किंचाळला. "श्वास माह्या मंत्रानंच निघते!"

"मंत्रानं? वच्छलाबाई, इथी या जी."

वच्छला उठली. न्हाव्याच्या वस्तऱ्याकडे न बघता त्याच्यासमोरून चालत मोटारीच्या मागे आली. सोमाजीनं हातानं खूण करून दाखवलं. तिनं झाकण दाबलं, पाव फेरा फिरवलं.

फुस्स्स्!

तोच आवाज. त्याच टाकीतून. मंत्र नाही, भस्म नाही, मासोळ्यांचा वास येणारा एका बाईचा हात. मग तिनं लुगड्याच्या गाठीतून गळ काढला, झाकणातलं मेण कोरलं आणि गोळी गुणवंतरावांच्या तळहातावर ठेवली. झाकण उन्हाकडे धरलं. भोकातून उजेडाचा ठिपका तिच्या गालावर पडला.

"पाहा जी, मालक. हेच ना ते चेटकीन?"

वच्छला झाकण बसवून मोटारीत बसली, अगदी मधल्या गादीवर. सोमाजीनं हँडल मारलं. मोटार जरा खोकली आणि एका दमात चढ चढून गेली, मग वळून परत आली.

आता लोकांना बिरजूला मारायचं होतं. आठवड्यापूर्वी वच्छलेवर दगड उचलणारे तेच हात! सोमाजी मध्ये पडला. "हात नाई लावाचा. ठाण्यात नेतो याले." गुणवंतराव पुटपुटले, "जाऊ दे न बाप्पा, गावाची बेअब्रू होईन. वच्छला, तू बी इसर आता."

वच्छला त्यांच्याकडे वळली. इतके दिवस कोरडे राहिलेले तिचे डोळे आता भरले होते, पण आवाज दगडासारखा होता.

"वस्तरा माह्या डोस्क्यासाठी आनला होता जी. तुमचं डोस्कं असतं तर इसरले असते काय?"

बिरजूला त्याच मोटारीतून चामोर्शीच्या ठाण्यात नेलं. वाटेत मोटार एकदाही थांबली नाही.

*

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण माणसं लवकर शिकत नाहीत. पुढच्या बाजाराला सोमाजी येऊन पाहतो, तर त्या दिवशी वच्छलेच्या हातून मोटारीत राहिलेल्या गळाला कोणीतरी शेंदूर लावून तांदूळ वाहिले होते! त्यानं चिंधी पेट्रोलमध्ये बुडवून गळ पुसला आणि तिला परत दिला. तिनं तो दुसऱ्या दिवशी तलावात टाकला, मासोळ्या धरायला.

मग त्याच बाजाराच्या दिवशी, वाघोबाच्या चढावर, मागच्या सीटवरून एक बाई शेजारणीच्या कानाला लागली. "पल्याडच्या गावात एक म्हातारी बुडी हाय म्हनते वो. नुसती पाह्यते, अन् गाईचं दूध आटते."

मोटार निम्म्या चढावर थांबली.

"अरे बाप्पा!" सारे घाबरले. "मोटार काऊन थांबली जी?"

"मी थांबवली," सोमाजी म्हणाला. मागे वळला. "त्या गाईची कास कोनं पाहली? दाना किती देते, गाभन हाय का, कोनं इचारलं? नाई ना? मंग आधी गाय पाहून ये, अन् मंग त्या बुडीचं नाव घे. दर वेळी कुठी तरी एखादं भोक बुजेल राह्यते. ते पाहाले मेहनत लागते. बाईकडे बोट दाखवाले लागत नाई. मी बी एकदा गप्प बसलो होतो. आता माह्या मोटारीत कोनी कोनाले चेटकीन म्हटलं, तर तो इथूनच पायी जाईन. मालक असला तरी."

गुणवंतराव खिडकीबाहेर बघू लागले. ती बाई पदराशी चाळा करत म्हणाली, "मले का ठाऊक बाप्पा. लोक म्हनते."

वच्छलेनं मांडीवरची टोपली नीट केली, वरचं ओलं फडकं सारखं केलं.

"चला, भाऊ," ती म्हणाली. "मासोळ्या नासून राह्यल्या."